डिस्कससाठी टँक आणि फिल्टर: आधी काय ठरवायचं, मग काय घ्यायचं

बहुतेक जण आधी टँक घेतात, मग त्यासोबत मिळालेला फिल्टर लावतात, मग मासे आणतात. आठवड्याला किती पाणी बदलावं लागणार याचा हिशोब सगळ्यात शेवटी होतो, तोही मासे काळे पडून कोपऱ्यात उभे राहिल्यावर. डिस्कस माशांच्या बाबतीत क्रम याच्या बरोबर उलटा हवा. मासे किती, त्यांच्यासाठी पाणी किती बदलता येईल, त्यावरून टँक केवढा आणि मग त्या टँकला कोणता फिल्टर. खाली तोच क्रम धरला आहे. सगळी आकडेमोड एकाच टँकवर केली आहे: बाहेरून १२० × ४५ × ६० सेंमी, म्हणजे चार फुटी टँक. तुमचा टँक वेगळा असेल तर फक्त मापं बदला, रीत तीच.

१. आधी मासे आणि पाणी यांचा हिशोब

डिस्कस झुंडीने राहणारा मासा आहे. पाच-सहापेक्षा कमी ठेवले की त्यातला दांडगा मासा उरलेल्यांना खाण्यापाशी येऊ देत नाही. तीन मासे असतील तर सगळा मार एकाच कमजोर माशावर पडतो. सहा असतील तर तो वाटला जातो. म्हणून सुरुवात सहाने धरावी.

पूर्ण वाढलेला मासा साधारण १५ सेंमीचा होतो. एका माशामागे ४० लिटर पाणी धरा. सहा माशांना २४० लिटर लागतील. हे टँकमध्ये प्रत्यक्ष भरलेलं पाणी आहे, लेबलवरची क्षमता नव्हे. हा फरक पुढच्या पायरीत येतो.

आता पाणी बदलण्याचं बघू. मोठ्या माशांसाठी आठवड्यातून दोनदा ३० ते ४० टक्के पाणी बदलायची तयारी हवी. वाढत्या पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं, त्यामुळे त्यांचं पाणी रोज किंवा दिवसाआड बदलावं लागतं. पाणी कमी बदललं तर पिल्लं मरतीलच असं नाही, पण त्यांची वाढ खुंटते. डोळा मोठा, अंग लहान आणि लांबट दिसू लागतं, आणि ते नंतर भरून निघत नाही. त्यामुळे पहिल्यांदाच डिस्कस पाळत असाल तर १० सेंमीच्या आसपासचे मासे घ्या. चार-पाच सेंमीची पिल्लं स्वस्त असली तरी ती अनुभवी हातांसाठी आहेत.

आमच्या उदाहरणातल्या टँकमध्ये सुमारे २७० लिटर पाणी राहतं. त्याचे ४० टक्के म्हणजे १०८ लिटर. तेवढं पाणी आधी साठवून, क्लोरीन काढून, टँकच्याच तापमानाला आणून ठेवायला १२० ते १५० लिटरचा पिंप लागतो. नळाचं पाणी २२ अंशांवर असेल आणि ते २९ अंशांवर न्यायचं असेल, तर १०८ लिटरला ३०० वॅटचा हीटर किमान तीन तास घेतो. पिंप उघडा असेल तर त्याहून जास्त. हा पिंप कुठे ठेवणार, त्यातून पाणी टँकपर्यंत कसं चढवणार, काढलेलं पाणी कुठे सोडणार, हे टँक घेण्याआधी ठरलं पाहिजे. बादल्या उचलून हे काम महिनाभर होतं. मग एक दिवस राहून जातं, मग दोन दिवस. एक छोटा पाण्यात बुडणारा पंप आणि पुरेसा लांब पाइप घेतला की हा प्रश्न मिटतो.

> तपासा: आठवड्यातून दोनदा १०८ लिटर पाणी गरम करून बदलणं तुमच्याने होणार आहे का? उत्तर डळमळीत असेल तर तिथेच थांबा. मोठा फिल्टर घेऊन ही उणीव भरून निघत नाही. फिल्टर माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. ते नायट्रेट आणि पाण्यात विरघळलेली बाकीची घाण फक्त पाणी बदलूनच बाहेर जाते.

२. टँकचं माप: लेबलवरचं आणि खरं

१२० × ४५ × ६० सेंमी हा गुणाकार ३२४ लिटर येतो, आणि बहुतेक जण हाच आकडा धरून मासे, औषध, हीटर सगळं ठरवतात. तो चुकीचा आहे. काच १२ मिमीची असेल तर आतली लांबी ११७.६ आणि रुंदी ४२.६ सेंमी उरते. तळाची काच वजा करा, वरून पाच सेंमी रिकामं सोडा, की पाण्याची उंची ५३.८ सेंमी. आता गुणाकार येतो सुमारे २७० लिटर. ५४ लिटरचा फरक! म्हणजे एका माशाहून जास्त. औषधाच्या मात्रेत तर हा फरक माशाच्या जिवावर बेतू शकतो.

वाळू किंवा मोठं लाकूड घातलं तर पाणी आणखी कमी होतं. ते किती, हे अंदाजाने ठरवू नका. टँक पहिल्यांदा भरताना मोजलेल्या बादलीने भरा आणि आकडा टँकच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा.

आकाराबद्दल दोन गोष्टी. पाण्याची उंची किमान ४५ सेंमी हवी, कारण डिस्कस उभट अंगाचा मासा आहे, पंखांसकट त्याची उंची लांबीच्या बरोबरीला येते. पण ६० सेंमीच्या वर जाऊ नये. तळ पुसायला हात पोचत नाही आणि मग तळ पुसला जात नाही. दुसरं, उंचीपेक्षा लांबी-रुंदीवर खर्च करा. रुंदी ६० सेंमी मिळत असेल तर फारच उत्तम. मागे पडलेल्या माशाला दांडग्यापासून लांब व्हायला जागा मिळते. उभे, षटकोनी, गोल समोरचे टँक डिस्कससाठी घेऊ नयेत.

तळाबाबत आमचं मत स्पष्ट आहे: निदान पहिलं वर्ष तळ मोकळा ठेवा. उरलेलं खाणं आणि विष्ठा डोळ्यांना दिसते, पाइपने ओढून घेता येते. जाड खडीच्या तळात ती खाली जाते आणि २९ अंशांच्या पाण्यात भराभर कुजते. नुसत्या काचेत मात्र माशाला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि तो बिचकतो. म्हणून तळाच्या काचेला बाहेरून फिकट रंग द्या, नाहीतर फिकट रंगाचा कागद लावा. मागची काचही फिकट निळी किंवा करडी असू द्या. पिजन ब्लड जातीचे डिस्कस गडद पार्श्वभूमीवर ठेवले की त्यांच्या अंगावर काळे ठिपके उठतात. बरेच लोक तो रोग समजून औषधं ओततात.

३. काच, स्टँड आणि जागा

६० सेंमी उंचीच्या चार फुटी टँकला १२ मिमी काच घ्या. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमसाठीचाच हवा. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये माशांना घातक रसायनं असतात. टँक नवा करवून घेतला असेल तर जोड भरल्यावर आठवडाभर सुकू द्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास येतोय तोवर त्यात पाणी भरू नका.

वजनाचा अंदाज घ्या. पाणी २७० किलो, काच सुमारे ७५ किलो, म्हणजे स्टँड सोडून जवळजवळ साडेतीनशे किलो, तेही अर्ध्या चौरस मीटरच्या थोड्याशाच वर जागेत. टेबल, कपाट, शोकेस यासाठी बनलेलं नसतं. स्टँड लोखंडी चौकटीचा किंवा जाड प्लायचा, आणि त्याचे पाय थेट जमिनीवर टेकलेले हवेत. टँकच्या तळाची काच थेट स्टँडवर बसत असेल तर मध्ये थर्माकोल किंवा फोमची शीट घाला. बारीकसा खडा जरी काचेखाली राहिला तरी सगळा भार त्या एका बिंदूवर येतो.

जागा निवडताना दारामागची, येण्या-जाण्याच्या वाटेतली आणि थेट उन्हाची जागा टाळा. दार आपटलं की डिस्कस काचेवर धडकतात.

> तपासा: टँक शेवटच्या जागी ठेवून लेव्हल बघा, चारही बाजूंनी. मग पूर्ण भरून ४८ तास ठेवा. खालच्या जोडांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर लगेच कळते.

४. फिल्टरचा प्रकार

डिस्कसच्या टँकमध्ये फिल्टरवर भार जास्त पडतो, याची दोन कारणं आहेत. पाणी २८ ते ३० अंशांवर ठेवावं लागतं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २४ अंशांना लिटरमध्ये सुमारे ८.४ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६. शिवाय खाणं प्रथिनांनी भरलेलं असतं, म्हणजे अमोनिया जास्त. त्या अमोनियावर जगणारे जिवाणूही ऑक्सिजनच वापरतात. मासे आणि फिल्टर दोघंही एकाच ताटात जेवतात असं समजा. म्हणून आम्ही फिल्टर निवडताना दोनच प्रश्न विचारतो: जिवाणूंना राहायला जागा किती, आणि पाण्यात हवा किती मिसळते.

*स्पंज फिल्टर.* मोकळ्या तळाच्या टँकसाठी यासारखा भरवशाचा फिल्टर नाही. एअर पंपावर चालतो, प्रवाह मऊ, हवा भरपूर, बिघडण्यासारखं काही नाही. पिल्लांसाठी, क्वारंटाइन टँकसाठी आणि अंडी देणाऱ्या जोडीसाठी हाच. मोठ्या टँकला एक मोठा घेण्यापेक्षा दोन घ्या. एक धुतला तरी दुसऱ्यातले जिवाणू शाबूत राहतात. उणीव एवढीच, की पाण्यात तरंगणारी बारीक घाण तो पुरती पकडत नाही आणि टँकमध्ये दिसत राहतो.

*कॅनिस्टर.* टँकखाली बसतो, मीडियाला (म्हणजे आत भरायचा स्पंज, सिरॅमिक रिंग वगैरे, ज्यावर जिवाणू राहतात) जागा मोठी, पाणी स्वच्छ दिसतं. सहा मोठ्या डिस्कससाठी चांगली निवड, पण दोन अटी आहेत. शोषणाऱ्या पाइपच्या तोंडावर प्री-फिल्टर स्पंज लावलाच पाहिजे. नाहीतर खाण्याचे तुकडे आत जातात, आणि आत गेलेलं दिसत नाही म्हणून महिनोन्महिने तिथेच कुजतं. शिवाय कॅनिस्टर बंद डबा आहे, त्याला हवा मिळते ती फक्त येणाऱ्या पाण्यातून. त्यामुळे जोडीला एक स्पंज फिल्टर कायम चालू ठेवा.

> सावधान: वीज जाऊन कॅनिस्टर दीड-दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिला, तर वीज आल्यावर तो तसाच चालू होऊ देऊ नका. २९ अंशांच्या बंद पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो, आतलं पाणी सडतं, आणि चालू होताच ते सगळं टँकमध्ये येतं. प्लग काढा, डबा उघडा, आतलं पाणी फेका, मीडिया टँकच्या पाण्यात विसळा, मग लावा.

*संप.* म्हणजे टँकखाली ठेवलेली दुसरी टाकी, तिच्यातून पाणी फिरत राहतं. जागा असेल तर डिस्कससाठी सगळ्यात चांगला पर्याय. पाणी खाली पडताना हवा मिसळते, हीटर खाली लपतो, एकूण पाणी वाढतं. इथली ठरलेली चूक म्हणजे वीज गेल्यावर परत येणाऱ्या पाण्याचा हिशोब न करणं. आपल्या टँकचं आतलं क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस सेंमी आहे, म्हणजे पाण्याची पातळी एक सेंमी उतरली की पाच लिटर खाली येतं. पंप बंद पडल्यावर पातळी ओव्हरफ्लोपर्यंत (म्हणजे पाणी जिथून खाली संपमध्ये जातं त्या तोंडापर्यंत) दोन सेंमी आणि परतीच्या पाइपचं तोंड बुडालेलं असल्याने सायफनने आणखी दोन सेंमी उतरली, तर वीस लिटर. अधिक पाइपांमधलं पाणी. एवढी रिकामी जागा संपमध्ये कायम हवी. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ बारीक छिद्र पाडलं की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते छिद्र दर आठवड्याला काडीने साफ करा, शेवाळाने बुजतं.

*हँग-ऑन.* टँकच्या काठावर टांगायचा. लहान टँकला ठीक. २७० लिटरला एकटा पुरत नाही, मीडियाला जागा नसते. *आत बसणारा पॉवर फिल्टर* बारीक घाण पकडायला मदतनीस म्हणून चालेल. *खडीखालचा फिल्टर* डिस्कसला नकोच.

आमच्या उदाहरणातल्या टँकला निवड सांगायची तर: एक कॅनिस्टर आणि एक मोठा स्पंज फिल्टर. जागा असेल तर संप, आणि तरीही एक स्पंज. तो स्पंज उद्या एखादा मासा आजारी पडून वेगळा काढावा लागला, तर तयार फिल्टर म्हणून उपयोगी पडतो.

५. फिल्टरमध्ये काय भरायचं, आणि कोणत्या क्रमाने

पाणी फिल्टरमध्ये कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं ते आधी बघा. पुष्कळशा कॅनिस्टरमध्ये मीडियातून पाणी खालून वर चढतं, म्हणून पहिली टोपली सगळ्यात खालची. बरेच जण वरपासून भरतात आणि सगळा क्रम उलटा होतो. सिरॅमिक रिंगांवर गाळ बसतो, छिद्रं बुजतात, जिवाणूंना जागा उरत नाही.

पाण्याच्या वाटेने क्रम असा:

१. जाड छिद्रांचा स्पंज. मोठी घाण इथेच अडते.
२. मध्यम किंवा बारीक स्पंज.
३. सिरॅमिक रिंग किंवा तत्सम बायो मीडिया. फिल्टरची अर्ध्याहून जास्त जागा याला द्या. भरण्याआधी साध्या पाण्याने धुळी जाईपर्यंत धुवा.
४. हवा असेल तर शेवटी फिल्टर वूल, म्हणजे कापसासारखा थर. पण तो दर तीन-चार दिवसांनी बदलणार असाल तरच. तुंबलेला वूल फिल्टरचा प्रवाह निम्म्यावर आणतो.

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन रोज लागत नाही. औषधोपचार संपल्यावर पाण्यातलं औषध काढायला तो ठेवा. उपचार चालू असताना कार्बन फिल्टरमध्ये राहिला तर औषध तोच शोषून घेतो आणि मासा तसाच राहतो. शंख-शिंपले, पोवळ्याचा चुरा, संगमरवराचे तुकडे फिल्टरमध्ये घालू नका, पाणी जड होतं आणि पीएच वर जातो.

६. प्रवाह: खोक्यावरचा आकडा नको, बादलीचा घ्या

खोक्यावर छापलेला ‘ताशी इतके लिटर’ हा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा आणि पाणी वर न चढवता मोजलेला असतो. मीडिया भरला, पाणी सव्वा-दीड मीटर वर चढवलं, की तो बराच घटतो. निम्म्यावर आला तरी नवल नाही.

मोजायची रीत सोपी आहे. फिल्टर भरून जागेवर लावा. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पाइप टँकच्या काठाच्या उंचीलाच धरून १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ३६,००० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी लिटर मिळतात. बादली ४२ सेकंदांत भरली तर ३६,००० ÷ ४२ = सुमारे ८५७ लिटर. खोक्यावर १,५०० लिहिलेलं असलं तरी तुमचा फिल्टर ८५७ चा आहे. २७० लिटरच्या टँकमध्ये तो ताशी तीन वेळाच पाणी फिरवतो.

डिस्कससाठी सगळे फिल्टर मिळून ताशी चार ते सहा वेळा, म्हणजे आपल्या टँकला १,१०० ते १,६०० लिटर खरा प्रवाह पुरतो. पण तो एका झोतात नको. डिस्कस चपटा आणि उंच आहे, जोराच्या प्रवाहात तो शिडासारखा लोटला जातो. पाणी स्प्रे-बारमधून (ओळीने छिद्रं असलेल्या नळीतून), मागच्या काचेकडे किंवा पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवून सोडा. पृष्ठभाग हलत राहिला पाहिजे. वर तेलकट साय दिसत असेल तर तो हलत नाही असं समजा.

> तपासा: थोडे फ्रोजन ब्लडवर्म (माशांना देतात त्या गोठवलेल्या लाल अळ्या) विरघळवून टँकच्या मध्यभागी सोडा. ते डोलत हळूहळू खाली बसले तर प्रवाह ठीक. अर्ध्या मिनिटाच्या आत सगळे भिरभिरत फिल्टरच्या तोंडाशी गेले तर प्रवाह जास्त आहे. मासे सगळा वेळ एकाच कोपऱ्यात प्रवाहाकडे तोंड करून पंख मारत असतील, तर तेच कारण.

७. हीटर, हवा, वीज

हीटरसाठी लिटरमागे एक वॅट धरा. २७० लिटरला ३०० वॅटचा एक घेऊ नका, १५० वॅटचे दोन घ्या. हीटर बिघडतो तो दोन तऱ्हांनी. बंद पडतो किंवा चालूच राहतो. दोन असले तर बंद पडलेल्याच्या जागी दुसरा बराच वेळ तग धरतो, आणि चालूच राहिलेला एकटा पाणी लगेच उकळवू शकत नाही. वेगळा तापमान-नियंत्रक लावता आला तर आणखी चांगलं. दोन्ही हीटर फिल्टरच्या प्रवाहाजवळ बसवा, आणि तापमान दुसऱ्या टोकाला मोजा.

> सावधान: पाणी काढायच्या १५ मिनिटं आधी हीटर बंद करा. तापलेला हीटर हवेत उघडा पडला आणि त्यावर पाणी पडलं की काच तडकते.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात तयार ठेवा. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी ठिबकतं. या सगळ्या जोडणीला आरसीसीबीचं (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) संरक्षण हवं.

८. मासे येण्याआधी फिल्टर पिकवणे

इथे घाई केली तर आधीचं सगळं वाया जातं. नवा फिल्टर म्हणजे नुसता प्लास्टिक आणि स्पंज. त्यात जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. “दोन दिवस फिल्टर चालवला, पाणी स्वच्छ दिसतंय” याला काहीच अर्थ नाही, कारण अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत.

लागणारं साहित्य: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (पीएच स्थिर ठेवणारे पाण्यातले कार्बोनेट क्षार) मोजणारे थेंबांचे टेस्ट किट, शुद्ध अमोनियम क्लोराइड आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा. बाजारात सुटा मिळणारा नवसागर हे तेच रसायन असलं तरी त्याच्या शुद्धतेची खात्री नसते, तो नको.

१. टँक भरा, क्लोरीन काढा. क्लोरीन नुसता हवा सोडून एका दिवसात जातो, पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर तो तसा जात नाही, कंडिशनर (क्लोरीन, क्लोरामाइन निष्प्रभ करणारं द्रावण) लागतोच.
२. तापमान २८–२९ अंश, फिल्टर आणि हवा चोवीस तास चालू.
३. २७० लिटरला १.७ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घाला. अमोनिया सुमारे २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) येतो. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट अडतं.
४. दिवसाआड मोजा. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो. मग नायट्राइटही उतरतो. अमोनिया शून्याजवळ आला की तेवढंच पुन्हा घाला.
५. पीएच आणि केएच बघत राहा. या प्रक्रियेत केएच खर्च होतो. तो संपला की पीएच घसरतो, आणि पीएच साडेसहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं. केएच ३–४ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. गरज पडली तर थोडा खाण्याचा सोडा विरघळवून घाला.

निव्वळ आरओच्या पाण्याने टँक भरणारे नेमके इथे अडकतात. त्या पाण्यात केएच जवळजवळ नसतोच. पाळीव पैदाशीचे डिस्कस ६.५ ते ७.५ पीएचमध्ये चांगले राहतात, पीएच स्थिर असला म्हणजे झालं. नळाचं पाणी फारच जड असेल तरच त्यात आरओ मिसळा.

पीएचचा आणखी एक परिणाम लक्षात असू द्या. २८ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच भाग सहा-सात टक्के होतो. किटवर आकडा तोच दिसतो, पण माशाला होणारी इजा जवळपास दसपट.

> तपासा: २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. असं सलग दोन वेळा झालं की फिल्टर तयार. बाटलीतले जिवाणू वापरले असले तरी ही चाचणी चुकवू नका.

तयार झाल्यावर ७०–८० टक्के पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट जाईल. मासे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडा. उशीर होणार असेल तर अमोनियाचा रोजचा डोस चालू ठेवा, नाहीतर जिवाणू उपाशी राहून कमी होतात.

९. मासे सोडताना आणि नंतर

सहाही मासे एकाच ठिकाणचे, एकाच वेळी आणा. वेगवेगळ्या ठिकाणचे डिस्कस एकत्र केले की ठणठणीत दिसणारे दोन्ही गट आठवड्यात आजारी पडलेले दिसतात, कारण एकाच्या अंगातले जंतू दुसऱ्याला नवे असतात. टँकमध्ये आधीपासून मासे असतील तर नव्यांना ८०–१०० लिटरच्या मोकळ्या क्वारंटाइन टँकमध्ये, पिकलेल्या स्पंज फिल्टरवर, चार ते सहा आठवडे ठेवा. बादली, जाळी, पाइप वेगळे. आजारी माशाला औषधही तिथेच द्या. मुख्य टँकमध्ये अँटिबायोटिक घातलं तर फिल्टरमधले जिवाणूही मरू शकतात.

पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं नाही. दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं. पहिले १५ दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. किंचितही रंग दिसला तर खाणं थांबवा आणि ५० टक्के पाणी बदला, तापमानात एक अंशाहून जास्त फरक न पडू देता.

फिल्टर धुण्याची पाळी अशी ठेवा:

- प्री-फिल्टर स्पंज: दर दोन-तीन दिवसांनी.
- स्पंज फिल्टर: आठवड्याला एक. दोन असतील तर आलटून पालटून. काढताना तो पाण्यातच पिशवीत घ्या, नुसता वर ओढला तर सगळा गाळ टँकमध्ये सुटतो.
- कॅनिस्टर: बादलीने मोजलेला प्रवाह पाऊण भागावर आला की. म्हणजे पहिल्या दिवशी १,२०० मिळत होते, आता ९०० मिळतायत, तर आज उघडा.
- बायो मीडिया: एका वेळी अर्धाच, आणि गाळ साचला असेल तरच.

सगळं धुणं टँकमधून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरलेला स्पंज पांढराशुभ्र निघतो आणि महिनाभर पिकवलेले जिवाणू क्लोरीनने मरतात. चार दिवसांनी मासे काळे पडले की लोक रोग शोधायला लागतात. म्हणून स्पंज पिळून पाणी तपकिरी येणं थांबलं की पुरे, त्याचा रंग तपकिरीच राहू द्या. आणि ज्या दिवशी कॅनिस्टर उघडला, त्या दिवशी स्पंज फिल्टरला हात लावू नका. दोन्हींमध्ये किमान आठवड्याचं अंतर ठेवा.